दहा मोजेपर्यंत

"चंदू, पडदे उघड की रे! भर दुपारी ट्यूबलाईट लावून बसलाय, लाज वाटते का काही?"

चपला काढता काढता दादूने पहिली तोफ डागली ती पडद्यांवर. डागायची होती भलतीकडेच. पण कांजूरमार्गहून घाटकोपरला येईस्तोवर बसमध्ये त्याने जी वाक्यं घोकली होती, ती काकाच्या दारात उभं राहताच पसार झाली. मागे आई होती. शेवंतीबाई तीन जिने चढून आल्या होत्या आणि कठड्याला धरून धापा टाकत होत्या. एरवी त्या या घरी फक्त लग्नाबारशाला यायच्या, आणि आल्या तरी दाराजवळची जागा धरून बसायच्या.

"बाबांची सवय तुला काय नवीन आहे?" काकांचा मुलगा चंद्रप्रकाश म्हणाला. "ये काकी, आत ये. दादू, तू आधी पाणी पी. तोंड बघ कसं लाल झालंय."

सवय खरंच जुनी होती. सहदेवकाकांनी माणकोळ बेटावरच्या दीपगृहात छत्तीस वर्षं नोकरी केली. तिथे उजाडलं की पहिलं काम, बत्तीच्या भिंगाभोवती पडदे ओढायचे. भिंग केवढं, तर माणूस आत उभा राहील एवढं. त्यात ऊन शिरलं तर ते आतलं सगळं जाळून टाकतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, बेट सुटलं, बत्ती सुटली, पण घाटकोपरच्या तिसऱ्या मजल्यावर काका अजून उजाडलं की पडदे ओढतात. सूनबाई विमला सुरुवातीला वैतागली, मग तिने जाड कापडाचे नवे पडदे शिवले आणि विषय संपवला.

काका खिडकीजवळच्या खुर्चीत होते. त्यांनी भावजयीला हात जोडले. "वयनी, बरी आसस मा?"

"आसंय," शेवंतीबाई म्हणाल्या आणि नेहमीप्रमाणे दाराजवळच बसल्या.

समोरच्या सोफ्यावर मांडीवर फाईल घेऊन युस्टेस बॅप्टिस्ट बसला होता. मरोळ गावठाणातला म्हातारा, वय एकोणसत्तर, पण पाठ ताठ. दीपगृहांची यंत्रं दुरुस्त करत त्याने सगळा किनारा पालथा घातला होता. येत्या डिसेंबरात माणकोळच्या बत्तीला शंभर वर्षं होणार, म्हणून बंदरातल्या लोकांनी पुस्तिका काढायची ठरवली आणि लिहायचं काम आलं युस्टेसच्या गळ्यात. ते त्याने मनापासून केलं होतं. मुलीने, एडनाने, सुवाच्य अक्षरात सगळं उतरवून दिलं होतं. आता बत्तीवरचा सगळ्यात जुना माणूस म्हणून सहदेवने प्रत्येक पान वाचून शेवटी सही करायची, की बाबा, माहिती बरोबर आहे. उद्या सोमवारी कागद छापखान्यात जायचे होते.

आणि म्हणूनच दादू आज आला होता.

"अंकल, ते सत्तेचाळीस सालचं पान दाखवा मला."

युस्टेसने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "सगळंच ऐक ना, बाबा. छान झालंय. अठराशे शहाऐंशी साली बेटावर एक झाड नव्हतं. दगड मुख्य किनाऱ्यावरून होड्यांनी आणला. बंदराच्या तोंडाशी जो पाण्याखालचा खडप आहे ना, त्यावर दोन होड्या फुटल्या, तेव्हा कुठे बत्ती उभी राहिली. आधी तेलाच्या वाती, मग रॉकेलची वात, मग पंप मारून पेटवायची मेंटलची बत्ती. तुझे आजोबा धोंडिराम सन बारामध्ये खलाशी म्हणून लागले आणि..."

"आजोबांचं माहीत आहे मला. सत्तेचाळीसचं वाचा."

युस्टेसने कागद चाळले. आवाज आपोआप खाली आला. "ऑक्टोबर एकोणीसशे सत्तेचाळीसमध्ये दिवाळीपूर्वी यंत्राची साखळी तुटली. भिंग हाताने फिरवावे लागले. मध्यरात्रीनंतरच्या पाळीत सहायक दत्ताराम खोबरेकर यांना झोप लागल्याने भिंगाची गती मंदावली. त्यामुळे फसून एक मचवा खडपावर आदळला व चौदा माणसे बुडाली. चौकशीअंती दत्ताराम यांना कामावरून काढण्यात आले."

स्वयंपाकघरात स्टोव्हचा आवाज चालू होता. विमला कपबशा घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली.

"हे काढा," दादू म्हणाला.

"दादू..."

"मी काही खोटं लिहा म्हणत नाही. नाव काढा फक्त. एका सहायकाला झोप लागली, एवढं लिहा ना! गावात सगळ्यांना माहीत आहे, मग छापून वर कशाला ढोल पिटायचा? मी जन्मभर ऐकलंय ते. गावच्या जत्रेत गेलो तर म्हातारे बोट दाखवायचे, हा बघा, चौदा खाल्लेल्याचा पोरगा. आता माझी पोरगी पार्ल्याच्या कॉलेजात जाते. तिने हे पुस्तक वाचायचं? तिने मिरवायचं का हे?"

"आणि आमचं काय?" चंद्रप्रकाश मध्ये पडला. "अरे, बाबांचा सत्कार आहे तिथे. दोन पिढ्या बत्तीवाले म्हणून आख्खं बंदर आपल्याला मानतं. आपणच पानं फाडली तर लोक म्हणतील खोबरेकरांनी इतिहास दाबला. जे झालं ते झालं, यार. दत्ताकाकांनी चूक केली, त्याची शिक्षा भोगली. बाबांनी ती चूक छत्तीस वर्षं घासून पुसून काढली की नाही? तेही आहे ना पुस्तकात!"

"अहो, काकी बसल्यात इथे," विमला हळूच म्हणाली.

"मी काय शिव्या देतोय का काकीला? खरं तेच बोलतोय."

सगळ्यात वाईट म्हणजे दादूचंही तेच मत होतं. बापाची बाजू घ्यायला तो आलाच नव्हता. बापाला बाजूच नाही, हे त्याने सहाव्या वर्षापासून धरलं होतं. बाप म्हणजे लालबागच्या चाळीत, गिरणीतून येऊन गॅलरीत बसणारा, उजव्या हाताची दोन बोटं नसलेला, उरलेल्या बोटांनी कठड्यावर टकटक करणारा माणूस. रात्र रात्र टकटक. शेजारी म्हणायचे, चढली असेल. दादूही तेच म्हणायचा. आणि काका म्हणजे देव. मे महिन्यात बेटावर न्यायचे, भिंग पुसायला द्यायचे, जूनमध्ये न चुकता शाळेची पुस्तकं पाठवायचे. दादू फिटर झाला तोही काकांच्या बत्तीतली चक्रं बघून. बापाच्या नावाने त्याने आयुष्यात एकच गोष्ट केली होती, वडिलांचं नाव लिहायच्या रकान्यात ते लिहिलं होतं.

बाप गेला अडुसष्ट साली. शेवटच्या रात्री दादू पाळीवर निघाला होता. खाटेवरून बाप म्हणाला होता, "दादू, जरा बस रे. झोप येत नाही." आणि सत्तावीस वर्षांचा दादू चपलेत पाय घालत म्हणाला होता, "तुम्हाला झोप येत नाही? ज्या रात्री यायला नको होती, त्या रात्री बरी आली!" सकाळी पाळीवरून परतला तेव्हा दारात माणसं जमलेली होती. ते वाक्य त्याला पुढे बरेचदा टोचलं. पण दर वेळी त्याने स्वतःला समजावलं की खरं होतं तेच बोललो.

"काका," तो आता म्हणाला, "तुम्ही सांगा अंकलना. तुमची सही आहे, तुमचं ऐकतील."

सहदेवकाका दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते आणि फरशीकडे पाहत होते.

"मला एक विचारायचंय," युस्टेस म्हणाला. "लिहिताना अडकलो होतो, म्हणून आज मुद्दाम सगळे असताना विचारतो. दादू, तुझ्या बापाची बोटं कुठे गेली?"

"गिरणीत. कुठल्या तरी पट्ट्यात. का?"

"गिरणीत?" युस्टेसने फाईल बंद केली. "मी मचवा फुटल्यानंतर पाचव्या दिवशी बेटावर गेलो होतो, साखळी बदलायला. दत्ताराम मला जेटीवर घ्यायला आला तेव्हा त्याचा उजवा हात मनगटापर्यंत फडक्यात गुंडाळलेला होता. मी विचारलं, तर तुझे आजोबा म्हणाले, खडपावर प्रेतं काढताना दगडात सापडला. चौकशीच्या साहेबालाही तेच सांगितलं होतं. म्हणजे एकाच हाताच्या दोन गोष्टी झाल्या. आणि तिसरी मला माहीत आहे, ती मी कुणालाच सांगितली नाही."

"कसली तिसरी?" चंद्रप्रकाश म्हणाला.

"यंत्र उघडलं तर दोन चक्रांच्या दात्यांमध्ये मला एक नख सापडलं. आख्खं. खाली मांस होतं. मी ते समुद्रात टाकलं आणि गप्प बसलो. तीस वर्षांचा होतो मी, नोकरी करायची होती. म्हटलं, साखळी जोडायला गेला असेल कोणी नंतर."

दादूच्या अंगावर काटा आला. पण ते बोटामुळे नाही. त्याला बोट आठवली, समुद्रातली, मुंबईला यायची. सहा वर्षांचा तो, डेकवर गर्दी, आई ओकत होती, आणि बाप शेंगदाणे सोलून त्याच्या हातावर ठेवत होता. डाव्या हाताने. सोलायला जमत नव्हतं, म्हणून दातांनी फोडत होता. उजवा हात पांढऱ्या फडक्यात, छातीशी धरलेला. दादूने विचारलं होतं, बाबा, हातात काय लपवलंय, खाऊ? आणि बाप हसला होता.

गिरणी तर त्यानंतर आली. मुंबईच त्यानंतर आली.

"आई," त्याने मान वळवली. "बाबांची बोटं कुठे गेली?"

शेवंतीबाईंनी पदर सारखा केला. "गिरणीत नाय गेली ती बोटां. गिरणीत लागले तेव्हाच तेंका आठ बोटां होती. म्हणान तर झाडूकामाक घेतल्यानी."

"मग मला आयुष्यभर गिरणी गिरणी का सांगितलंस?"

"सांगूक सांगितला होता म्हणान."

"कोणी?"

"माका शपथ आसा, दादू. माझ्या तोंडातसून नाव येवचा नाय." त्यांनी दिराकडे पाहिलंसुद्धा नाही. पण न पाहण्याची रीतच अशी होती की खोलीतल्या प्रत्येकाने पाहिलं.

दादू फिटर होता. त्याला चक्रं कळत होती. माणकोळचं यंत्र भिंगाच्या खालच्या मजल्यावर, हे त्याला लहानपणापासून पाठ होतं. लोखंडी शिडी, मग यंत्राची खोली, त्याच्या डोक्यावर भिंग. ज्याचा हात खाली दात्यांत आहे, तो वर भिंग फिरवत असूच शकत नाही. एवढं साधं गणित, आणि ते मांडायला त्याला एकोणचाळीस वर्षं लागली होती. कशाला फिटर झालो, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

"काका," तो म्हणाला, "बाबा खाली होते. मग वर कोण होतं?"

"पुरे आता!" चंद्रप्रकाश उठलाच. "बाबांचं ब्लडप्रेशर माहीत आहे ना तुला? बत्तीच्या नोंदींच्या चोपडीत नाव आहे दत्ताकाकांचं. सरकारी चोपडी आहे ती. ह्या अंकलना काय नख सापडलं नि काय सापडलं, चाळीस वर्षांनी..."

"बसा तुम्ही," विमला म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस, विमला."

"बोलणार. तीन वर्षं झाली मामंजींना इथे येऊन. रात्री पाण्याला उठते तेव्हा मामंजी या खुर्चीत बसून काहीतरी मोजत असतात. दहापर्यंत मोजतात, थांबतात, परत एकपासून. मी डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले वयोमानाने होतं. वयोमान नाही हे. बोलू द्या त्यांना."

दादूला कठड्यावरची टकटक ऐकू आली. किती ठोके असायचे ते त्याने कधी मोजलंच नव्हतं.

सहदेवकाकांनी पाणी मागितलं. विमलाने दिलं. ते प्यायले नाहीत, भांडं हातात धरून बसले.

"आपली बत्ती दहाची," ते म्हणाले. आवाज कोरडा होता. "दर दहा सेकंदांनी एक झोत. तिथून दक्षिणेला नऊ मैलांवर सडेखोलची बत्ती, ती पंधराची. रात्री समुद्रात माणसाला टॉवर दिसत नाही, बंदर दिसत नाही. मचव्यावरचा तांडेल नुसतं मोजतो. दहा आले की माणकोळ, पंधरा आले की सडेखोल. आमचे बाबा तेव्हा बत्तीचे मुख्य, ते आम्हाला सांगायचे, बत्ती विझली तर एक वेळ चालेल, तांडेल सावध होतो. पण बत्तीने खोटं बोलता कामा नये."

"साखळी तुटली संध्याकाळी," काका पुढे म्हणाले. "बाबा हिवतापाने खाली पडलेले. दत्तादादाने तिन्हीसांजेपासून भिंग हाताने फिरवलं. मी नवीन, दोन महिने झालेले. परीक्षेवरचा माणूस. मला एकट्याला बत्तीपाशी ठेवायचं नाही, असा नियमच होता. पण दादाचे पाय भरून आले. मध्यरात्रीनंतर म्हणाला, सहदेवा, तू फिरव, मी खाली जाऊन साखळी जोडतो, म्हणजे पहाटेपर्यंत तरी सुटू. चार तोंडांचं भिंग. दहा मोजेपर्यंत पाव फेरा. मी फिरवायला लागलो. बरोबर फिरवत होतो. एक तास बरोबर फिरवलं मी."

काकांनी भांडं दोन्ही हातांत घट्ट धरलं.

"मग खालून दादा ओरडला. तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी हाक मारली. तो म्हणाला, फिरव, सहदेवा, थांबू नको! माझी काळजी करू नको, फिरव! मी सोडून खाली गेलो असतो तर भिंग थांबलं असतं. म्हणून नाही गेलो. फिरवत राहिलो. पण एक म्हटलं की कान द्यायचो, दादा कण्हतोय का. दोन म्हटलं की परत कान द्यायचो. कधी आवाज यायचा, कधी यायचा नाही. आला नाही की वाटायचं, गेला. मी दहाच मोजत होतो रे. दहाच मोजत होतो. पण त्या दहाचे पंधरा झाले."

भांड्यातलं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं. विमलाने भांडं काढून घेतलं.

"तांडेलाने मोजले, पंधरा. त्याने सडेखोल धरलं. त्याच्या हिशेबाने खडप अजून नऊ मैल लांब होता. फळ्या फुटल्याचा आवाज मी वरून ऐकला."

"आणि झोप?" दादूने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "झोप कुठून आली यात?"

"झोप बाबांनी लिहिली. सकाळी अंगात ताप घेऊन वर आले. दादाचा हात पाहिला. मग आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाले, खरं सांगितलं तर परीक्षेवरच्या पोराला बत्ती दिली म्हणून हा जाईल, आणि पंधरा केले म्हणून तू जाशील. दोघे जातील. खोबरेकरांची बत्ती संपेल. एक जाऊ दे. ज्याचो हात गेलो, तोच जाऊ दे. तसाही आता तो बत्तीच्या उपयोगाचा नाही." काकांनी मान खाली घातली. "दादाने विचारलंसुद्धा नाही. डाव्या हाताने सही केली."

"आणि तुम्ही?"

"मी शेजारी उभा होतो."

"छत्तीस वर्षं?"

चंद्रप्रकाश भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या मागे फ्रेममध्ये माणकोळच्या बत्तीचा फोटो होता आणि खाली काकांचं मानपत्र. तो एकदा तिकडे वळून बघायला गेला आणि मध्येच थांबला.

"वयनी," काका म्हणाले, "तुका ठावक होता?"

"पयल्या दिवसापासून. तेंचो हात मीच धुतलंय."

"मग तू माझ्या घराक येयस, जेवायस, माझ्या झिलाच्या, चंदूच्या लग्नात हळद लावलस... माका एक शब्द नाय बोललस?"

"तेंनी शपथ घातलेली. आणि बोलान काय होणार होता? बोटां परत येणार होती?"

आता दादू उठला. काकांकडे गेला नाही, आईच्या समोर जाऊन उकिडवा बसला. इतका जवळ की तिच्या पदराचा कापराचा वास त्याला आला.

"मला का नाही सांगितलंस, आई? जगाला नको. मला? मी पोटचा पोरगा ना त्यांचा? मी त्यांना काय काय बोललो! तू ऐकत होतीस ना? स्टोव्हपाशी उभी राहून सगळं ऐकत होतीस!"

"आयकत होतंय."

"मग?"

शेवंतीबाईंचा आवाज पहिल्यांदाच हलला. "मी म्हटलंय तेंका. दादू मोठो झालो, सांगूया आता. तर म्हणाले, नको. पोराक घरातलो एक तरी माणूस मोठो दिसाक होयो. माझ्यात काय बघतलो तो? काकाक बघू दे. काका शिकवता, बेटावर नेता. तो काकाक बघून शहाणो होता हा, ता मोडू नको."

दादू फरशीवर बसलाच. चाळिशी उलटलेला, अंगापिंडाने दांडगा माणूस, कारखान्यात चार जणांना दमात घेणारा, तो लहान पोरासारखा मांडी घालून आईसमोर बसला. रडू येत नव्हतं. विचारायचं एकच होतं आणि ते विचारायची त्याला भीती वाटत होती. पण आज विचारलं नाही तर मरेपर्यंत विचारणार नाही, हेही त्याला कळत होतं.

"त्या शेवटच्या रात्री," तो म्हणाला. "मी ते झोपेचं बोललो आणि गेलो. त्यानंतर काय म्हणाले बाबा?"

"काय नाय."

"आई, खरं सांग."

शेवंतीबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू जिन्यावरसून खाली गेलंस. तेंनी पायांचो आवाज जाईसर आयकलो. मग माका म्हणाले, दादूक डबो दिलंस मा?"

विमलाने तोंडात पदर कोंबला आणि आत गेली. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला.

मग सहदेवकाका खुर्चीतून उठले. "युस्टेस, कागद आण. माझं नाव लिही. जसं सांगितलं तसं लिही, बाबांचंसुद्धा. मी सही करतो."

"बाबा, नीट विचार करा," चंद्रप्रकाश म्हणाला, पण त्याच्या बोलण्यात जोर उरला नव्हता. "डिसेंबरात सगळं बंदर जमणार आहे. ज्यांची माणसं बुडाली त्यांची पोरं येणार आहेत. त्यांच्यासमोर कसे उभे राहणार तुम्ही?"

"दत्तादादा उभा राहिला ना? त्याला तर शालसुद्धा नव्हती."

युस्टेसने एडनाच्या सुवाच्य अक्षरातलं पान काढलं, त्यावर उभी रेघ मारली आणि कोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. काका सांगत होते, तो लिहीत होता. मध्येच विचारायचा, साखळी किती वाजता तुटली, तांडेलाचं नाव काय. काका सगळं बिनचूक सांगत होते. एकोणचाळीस वर्षांत एक आकडा ते विसरले नव्हते. शेवटी त्यांनी सही केली. पूर्ण केली, खोबरेकरमधल्या शेवटच्या अक्षरापर्यंत. मग दादूकडे वळून ते वाकायला लागले.

दादू मागे सरला. "नको, काका. माझ्या पाया पडू नका. मला आज काही देता येणार नाही तुम्हाला."

काका तसेच अर्धवट वाकलेले राहिले. विमलाने येऊन त्यांना खुर्चीत बसवलं.

"झालं?" दादूने युस्टेसला विचारलं.

"झालं. तुझं काम झालं, दादू. त्या पाळीतून बापाचं नाव निघालं."

"नाव नका काढू. नाव राहू दे." दादू त्याच्या शेजारी सोफ्यावर येऊन बसला. "आणखी एक ओळ घाला. अगदी शेवटी. स्वतंत्र."

"काय घालू?"

"लिहा, दत्ताराम खोबरेकर त्या रात्री झोपले नव्हते."

"ते तर वरच्यावरून कळतंच की, बाबा. खाली यंत्रात हात..."

"कळू दे. तरी लिहा."

युस्टेसने लिहिलं. पेनाची शाई वाळेपर्यंत कागद हवेत धरला.

"वाचा," दादू म्हणाला.

युस्टेसने वाचलं. "दत्ताराम खोबरेकर त्या रात्री झोपले नव्हते."

दादूने डोळे मिटून घेतले. "परत वाचा."

युस्टेसने परत वाचलं. दाराजवळ शेवंतीबाई भिंतीला डोकं टेकून ऐकत होत्या.

"आणखी एकदा," दादू म्हणाला.